चिनी बाळखुर्चीवर वटवाघळं का असतात?

आपल्याकडे वटवाघूळ म्हटलं की पडका वाडा आठवतो. बाळाच्या पाळण्यावर ते कोरावं असं कुणाच्या मनातही येणार नाही. पूर्व चीनमधल्या झेजियांग प्रांतातल्या शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या बाळखुर्च्या पाहिल्या, तर मात्र पाठीच्या फळीवर पंख पसरलेलं वटवाघूळ बऱ्याचदा दिसतं, तेही सोन्याचा वर्ख लावलेलं. कारण त्या प्राण्याच्या नावात आहे. चिनी भाषेत वटवाघूळ म्हणजे 'प्येन-फू', आणि सुखभाग्य म्हणजेही 'फू'. लिहायची अक्षरं वेगळी, पण उच्चार एकच, आणि चिनीत ज्याच्यावर अर्थ ठरतो तो सूरही एकच. त्यामुळे फळीवरचं वटवाघूळ पाहणारा मनात 'भाग्य' असं वाचतो.

हे फर्निचर असं वाचताच येतं. पण त्याआधी ते कशासाठी बनलं हे पाहावं, कारण नक्षी कुठे कोरायची आणि किती खोल कोरायची हे वापरावरून ठरलेलं असतं. आज बाजारात आणि संग्रहालयांत दिसणाऱ्या बहुतेक वस्तू छिंग राजवटीच्या (1644–1911) उत्तरार्धातल्या किंवा त्यानंतरच्या प्रजासत्ताक काळातल्या (1912–1949) आहेत. 'मिंगकालीन बाळखुर्ची' (मिंग म्हणजे छिंगच्या आधीची राजवट) असं लेबल दिसलं तर आधी शंका घ्यावी. लहान मुलांचं सामान झिजतं, भिजतं, एका भावंडाकडून दुसऱ्याकडे जातं आणि शेवटी चुलीत जातं. चारशे वर्षं टिकणं अवघडच.

यातली सर्वात डोकेबाज वस्तू म्हणजे उभं राहायचं पिंप, 'जान-थोंग'. झेजियांग, अन्हुई आणि आसपासच्या प्रदेशात ते घरोघर असे. लाकडाच्या उभ्या फळ्या एकमेकींना बांबूच्या खुंट्यांनी जोडून बाहेरून बांबूची किंवा पितळेची कडी आवळायची. खालचा घेर मोठा, वरचा लहान, म्हणजे आतलं मूल कितीही झुललं तरी पिंप कलंडत नाही. उंची साधारण 70 ते 80 सेंटिमीटर. आत मध्यापेक्षा थोडी खाली लाकडी पट्ट्यांची जाळी असते आणि मूल तिच्यावर उभं राहतं. वरचा काठ त्याच्या काखेच्या खाली येतो. जाळीच्या खालच्या पोकळीत हिवाळ्यात राखेखाली दबलेल्या निखाऱ्यांची छोटी शेगडी ठेवायची. काही पिंपांना ती आत सरकवायला खालच्या बाजूला दारही असतं. यांगत्सेच्या दक्षिणेकडची थंडी दमट आणि बोचरी, आणि घरांमध्ये उत्तरेसारखे खालून तापवलेले, बसायचे-झोपायचे ओटे नाहीत. म्हणून उब थेट मुलाच्या पायाशी न्यायची. आई शेजारी बसून सूत काततेय, मूल काठ धरून उभं आहे, पाय उबेत आहेत आणि चुलीकडे धावायची सोय नाही.

अशा पिंपाची जाळी नीट पाहावी. खरं वापरलेलं असेल तर पट्ट्यांच्या खालच्या बाजूला धुराचा काळपटपणा आणि क्वचित भाजल्याच्या खुणा असतात. वरची बाजू पावलांनी गुळगुळीत झालेली असते. वरच्या काठावर दातांचे व्रण सापडले तर तेही खरेपणाचंच लक्षण, कारण दात येणाऱ्या वयातलं मूल दिवसभर तोच काठ चावत असे.

खुर्ची त्याहून गुंतागुंतीची. तिच्या बऱ्याच प्रकारांत एकाच सांगाड्याचे दोन उपयोग केलेले असतात. उभी ठेवली तर उंच खुर्ची होते आणि मूल मोठ्यांच्या जेवणाच्या मेजाला पोहोचतं. आडवी केली तर जमिनीलगतची बैठक होते आणि समोर छोटं मेज मिळतं. बांबूच्या खुर्च्यांमध्ये तर उलटी केल्यावर मोठ्या माणसाला बसायचा स्टूलही मिळतो. मुलाच्या पोटासमोर एक आडवी दांडी असते. ती एका बाजूने सरकवून काढता येते, म्हणजे मुलाला वरून उचलून आत टाकायला नको. पुष्कळ खुर्च्यांत या दांडीवर लाकडी मणी किंवा चकत्या ओवलेल्या असतात. मूल त्या फिरवत बसतं, म्हणजे खेळणं हरवायला किंवा गिळायला जागाच नाही. बैठकीला बऱ्याचदा गोल भोक असतं आणि त्याच्याखाली भांडं ठेवायचं. चिनी बाळांच्या विजारी मधोमध उघड्या असत, त्यामुळे कपडे न काढता काम भागे. हे भोक नंतर कुणी फळी ठोकून बुजवलेलं असेल तर समजावं की ही खुर्ची पुढच्या मालकाने शोभेची केली.

पांगुळगाडे, पाळणे, आंघोळीची टोपली हे सगळं होतंच. बाबागाडीही चीनला नवी नव्हती. वायव्य चीनमधल्या दुनहुआंगजवळच्या मोगाओ गुहांपैकी 156 क्रमांकाच्या, थांग राजवटीच्या (618–907) अखेरच्या काळातल्या गुहेत चाकांच्या गाडीत बसलेल्या बाळाचं चित्र आहे. लाकडाचा विषय सोडून एक गोष्ट सांगायलाच हवी: उत्तर शान्सीच्या खेड्यांत तापवलेल्या ओट्यावर दगडी सिंहाची छोटी मूर्ती ठेवत, बाळाच्या कमरेला लाल दोरी बांधत आणि तिचं दुसरं टोक सिंहाच्या पायाला. मूल ओट्यावरून पडत नसे आणि सिंह राखणही करी. रक्षणाची आणि सोयीची अशी सांगड लाकडी सामानातही पदोपदी दिसते.

हे सामान यायचं कुठून? बरंचसं मुलीच्या माहेरून, म्हणजे बाळाच्या आजोळून. झेजियांगमधल्या निंगबो शहरात आणि आसपासच्या भागात सधन घरची मुलगी सासरी निघाली की तिचं सामान वाहणाऱ्यांची रांग लांबच लांब जाई. त्याला 'दहा ली लांबीचा लाल साज' म्हणत (एक ली म्हणजे सुमारे अर्धा किलोमीटर). झेजियांगमधल्या निंगहाय इथे या नावाचं संग्रहालय आहे. या साजात 'वंशाचं पिंप' असे, झाकणाचं, लाल रंगाचं, प्रसूतीच्या वेळी वापरायचं. पाठवणीच्या वेळी त्यात लाल रंगवलेली अंडी, वाळवलेली लाल चिनी बोरं, भुईमुगाच्या शेंगा भरत. या बोराला 'जाओ' म्हणतात आणि 'लवकर' यालाही 'जाओ'. भुईमूग 'हुआ-शंग', त्यातल्या 'शंग'चा अर्थ जन्म. मूल होण्याआधीच मुलाचं सामान घरात यायचं आणि काय अपेक्षित आहे ते सगळ्या गावाला दिसायचं. सुनेवर त्याचं किती दडपण येत असेल, हे त्या सोनेरी पिंपांकडे बघताना विसरू नये.

आता नक्षीकडे. तिची भाषा तीन वाटांनी चालते: आवाजातून, आकारातून आणि गोष्टीतून.

आवाजाची वाट सर्वात रुळलेली. मराठी वाचकाला तो श्लेष म्हणून लगेच कळेल. फरक इतकाच की इथला श्लेष चित्रात असतो. हरीण म्हणजे 'लू', आणि सरकारी पगार, मानाची नोकरी म्हणजेही 'लू'. मासा 'यू', उरून पुरणारी समृद्धीही 'यू'. कमळ 'लिएन', सातत्यही 'लिएन'. म्हणून कमळ आणि मासा एकत्र आले की वाचायचं: 'वर्षानुवर्षं भरपूर उरो'. फुलदाणी 'फिंग', शांतताही 'फिंग'. माकड 'होउ', आणि सरदारकीचा एक किताबही 'होउ'. घोड्यावर बसलेलं माकड म्हणजे गंमत नाही. 'घोड्यावर' याला चिनीत जे म्हणतात त्याचाच दुसरा अर्थ 'लगेच' असा आहे. तेव्हा पूर्ण वाक्य होतं: 'लवकरच सरदारकी मिळो'. मोठ्या माकडाच्या पाठीवर छोटं माकड असेल तर अर्थ 'पिढ्यान्‌पिढ्या सरदारकी', कारण पाठ आणि पिढी हे दोन्ही 'बेइ'.

एकेक चिन्ह सुटं वाचलं की चूक होते. नवशिके इथेच अडकतात. कमळ एकटं असेल तर ते बौद्ध पावित्र्याचं असू शकतं. माशाबरोबर असेल तर समृद्धीचं. पण कमळाबरोबर 'शंग' नावाचं बांबूच्या नळ्यांचं तोंडाने वाजवायचं वाद्य आणि पारिजातासारख्या बारीक सुवासिक फुलांची 'क्वेइ'ची डहाळी असेल, तर अर्थ पूर्ण बदलतो. वाद्याचा 'शंग' म्हणजे जन्म, 'क्वेइ' म्हणजे थोर, कमळ म्हणजे एकामागून एक. सगळं मिळून: 'थोर पुत्र एकामागून एक जन्मोत'. म्हणून फळीवरच्या सगळ्या वस्तू आधी मोजाव्यात, मग वाक्य लावावं. पाच वटवाघळं दिसली तर तीही मोजूनच कोरलेली असतात. दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य आणि स्वास्थ्य, सद्गुणाची आवड आणि पूर्ण आयुष्य जगून आलेला नैसर्गिक मृत्यू अशी ती पाच भाग्यं आहेत. बाळाच्या खुर्चीवर मृत्यूचा उल्लेख विचित्र वाटेल, पण ज्या काळात कितीतरी मुलं पाच वर्षंही जगत नसत, त्या काळात म्हातारपणी येणारा मृत्यू हाच आशीर्वाद होता.

आकाराची वाट सोपी. फुटलेलं डाळिंब म्हणजे दाण्यांइतकी मुलं. वेलीवर लागलेले लहानमोठे भोपळे म्हणजे न तुटणारा वंश. पीच म्हणजे दीर्घायुष्य. यांतल्या काहींच्या अर्थात आवाजाचीही भर पडते, पण ती न कळताही चित्र समजतं. पीच, डाळिंब आणि बोटांसारख्या पाकळ्या असलेलं 'बुद्धहस्त' लिंबू एकत्र कोरलं की 'तीन विपुलता' होतात: आयुष्य, मुलं, भाग्य.

गोष्टीच्या वाटेवर परीक्षा भेटते. पीत नदीवरच्या 'नागद्वार' धबधब्यावर उलट पोहून जो कार्प मासा वर चढतो, त्याचा ड्रॅगन होतो, ही दंतकथा. तिचा अर्थ एकच: मुलगा राजदरबारी परीक्षा पास होवो. ही परीक्षा पद्धत 1905 मध्ये बंद झाली, तरी मासे त्यानंतरही कित्येक वर्षं कोरले जात राहिले. त्यामुळे कार्प दिसला म्हणून वस्तू 1905 च्या आधीची ठरत नाही. दुसरी गोष्ट 'चीलिन'ची. अंगावर खवले, डोक्यावर शिंग, पाय हरणाचे असा हा काल्पनिक प्राणी. त्याच्या पाठीवर हातात कमळ आणि शंग घेतलेलं मूल बसलेलं असतं. कन्फ्यूशियसच्या जन्माआधी चीलिन दिसला अशी आख्यायिका आहे, म्हणून 'चीलिन मुलगा आणतो' हे चित्र पाळण्याच्या डोक्याकडच्या फळीवर आवडीने कोरत. आठ अमर सिद्धांचीही नक्षी असते, पण लहान जागेत आठ माणसं बसत नाहीत. मग फक्त त्यांच्या वस्तू कोरायच्या: भोपळा, पंखा, तलवार, बासरी, कमळ, टिपऱ्या, फुलांची परडी आणि माशाच्या नावाचा बांबूचा ढोल. या युक्तीला 'लपलेले आठ सिद्ध' असंच म्हणतात.

रक्षणाची चिन्हं वेगळी ओळखावीत, कारण ती काही मागत नाहीत, हाकलून लावतात. वाघ त्यांत पहिला. पाचव्या चांद्र महिन्याच्या पाचव्या दिवशी, उन्हाळ्याच्या तोंडावर, साप, विंचू, गोम, बेडूक आणि पाल (काही भागांत पालीऐवजी कोळी) हे 'पाच विषारी' बाहेर पडतात अशी समजूत. वाघ त्यांना दाबून टाकतो. वाघाची टोपी, वाघाचे जोडे, वाघाची उशी हे कापडी प्रकार जास्त, लाकडावर वाघ त्यामानाने कमी.

कठड्याच्या जाळीत आपल्या ओळखीचं एक चिन्ह सापडेल: स्वस्तिक. ते बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनमध्ये गेलं. सम्राज्ञी वू च-थिएनच्या काळात, 693 मध्ये, त्याचा उच्चार 'वान' असा ठरला. 'वान' म्हणजे दहा हजार, अगणित. स्वस्तिकांचे हात एकमेकांत गुंतवून केलेली जाळी कुठेच संपत नाही, म्हणून 'अगणित काळ' असा तिचा अर्थ. सुतारालाही ती परवडते. वाया जाणारे छोटे तुकडे कुसू-खाचेत बसवून जाळी उभी राहते, हवा खेळते आणि जाळीतली भोकं इतकी लहान असतात की मुलाचं डोकं अडकत नाही.

आता कोरीवकामाची जागा पाहा. जिथे मुलाचे हात, गुडघे, तोंड पोहोचतं तिथे काम उथळ आणि कडा गोल असतात. खोल, आरपार कोरलेल्या फळ्या पाठीच्या वरच्या भागात, पाळण्याच्या टोकांना आणि बाहेरच्या बाजूला येतात. पाय ठेवायची फळी साधीच असते. पायाखाली भाग्य कुणी कोरत नाही, आणि कोरलं तरी वर्षभरात झिजून जाईल. पाय ठेवायच्या फळीवर दाट नक्षी असेल तर ती फळी पलंगातून किंवा कपाटातून काढून बसवलेली आहे असं धरून चालावं.

निंगबोच्या कामाचं खास वैशिष्ट्य म्हणजे लाल आणि सोनं. तिथल्या कारागिरांत म्हण आहे: तीन भाग कोरणं, सात भाग लॅकर. 2006 मध्ये चीनने या कलेला राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्या यादीत घेतलं. लाकूड बहुधा कापराच्या झाडाचं, कारण ते मऊ, कोरायला सोपं आणि वासामुळे कीड दूर ठेवणारं. पिंपांना फर जातीचं हलकं, सरळ रेषांचं लाकूड. कोरून झालं की खरवडून, छिद्रं भरून, पातळ थर देऊन पृष्ठभाग तयार करायचा. मग लॅकर. सावंतवाडीच्या लाखकामातली लाख किड्यापासून मिळते. चिनी लॅकर म्हणजे झाडाचा चीक. ते झाड बिब्ब्याच्याच कुळातलं, आणि ओला चीक अंगाला लागला तर बिब्बा उततो तशीच कातडी उतते. लाल रंगासाठी त्यात हिंगूळ घोटायचा, स्वस्त कामात लोहाची लाल माती. हा चीक उन्हात वाळत नाही, दमट हवेत घट्ट होतो. साधारण 70 ते 80 टक्के आर्द्रता आणि 20 ते 30 अंश उष्णता लागते. कोरड्या हवेत घाई केली तर थर चिकट राहतो. फार जाड दिला तर वरून सुरकुततो आणि आत ओला राहतो. सोन्याचा वर्ख लावायची वेळ म्हणजे लॅकर अर्धवट वाळलेलं असतं तेव्हा. लवकर लावला तर वर्ख बुडतो, उशीर झाला तर चिकटतच नाही.

विकत घेणाऱ्यांसाठी तपासणीचा क्रम असा ठेवावा. सर्वप्रथम वस्तू उलटी करावी. तळाचं लाकूड न रंगवलेलं, काळवंडलेलं, रंध्याच्या किंचित लाटा असलेलं हवं. गोल पात्याच्या यंत्रकरवतीच्या कमानी किंवा फुलीच्या खाचेचे स्क्रू दिसले की जुनेपणाचा दावा संपला, निदान त्या भागापुरता. नंतर गोलाई मोजावी. लाकूड रेषांना आडवं आकसतं, त्यामुळे एका फळीतून कापलेला जुना गोल तळ दोन दिशांना मोजला तर काही मिलिमीटरचा फरक येतो. अगदी नेमका गोल असेल तर लाकूड ताजं आहे. झीज कुठे आहे ते पाहावं. ती दांडीवर, काठावर, पायपट्टीवर हवी, सगळीकडे सारखी नको. पॉलिशपेपरने घासलेली खोटी झीज अशी सारखी असते आणि खोबणीतही पोहोचते.

सोनं खोटं असेल तर सहज कळतं. पितळेची पूड वर्षांनी तपकिरी-हिरवट होते, खरा वर्ख पिवळाच राहतो, फक्त उंचवट्यांवरून निघून जातो. रंगाची शंका असेल तर न दिसणाऱ्या कोपऱ्यात कापसाच्या काडीवर थोडं ॲसिटोन घेऊन टेकवावं. पक्कं वाळलेलं खरं लॅकर हलत नाही, आजचा रंग कापसाला लागतो. मात्र त्यावरून सगळी वस्तू नकली ठरवू नये. जुन्या वस्तूवर नंतरची डागडुजी नेहमीचीच. आणखी एक: कोरलेल्या माणसांचे चेहरे तासून टाकलेले दिसले तर वस्तू टाकून देऊ नका. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (1966–76) 'जुन्या' गोष्टी नष्ट करण्याच्या मोहिमेत हजारो चेहरे असे गेले. त्याच खुर्चीवर चेहरे नवेकोरे आणि बाकी अंग झिजलेलं असेल तर डोकी पुन्हा बसवलेली आहेत, आणि किंमत त्याप्रमाणे उतरायला हवी.

घरी आणल्यावर सर्वात जास्त नुकसान प्रेमापोटी होतं. तेल लावू नये. तेल लॅकरमध्ये शिरत नाही, वर धूळ धरून काळं होतं. ओल्या फडक्याने पुसू नये. वर्षानुवर्षं उजेड खाल्लेलं लॅकर पाण्याला घाबरतं आणि पांढुरकं पडतं. मऊ ब्रश, कोरडं सुती कापड, बस. थेट ऊन नको. आर्द्रता 45 ते 55 टक्क्यांच्या आसपास स्थिर राहिली तर उत्तम. मुंबईच्या पावसाळ्यातून पुण्याच्या एप्रिलमध्ये नेलेलं पिंप आकसून त्याची कडी घसरतात. अशा वेळी कडी ठोकून खाली बसवण्याचा मोह होतो, पण पावसात लाकूड फुगलं की फळी फुटते. हवा बदलेपर्यंत थांबावं. बारीक छिद्रांतून पिठासारखा भुसा पडत असेल तर किडा जिवंत आहे. वस्तू आधी वेगळी ठेवून मगच उपाय करावा.

आणि आज त्यात मूल बसवू नये. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग, नंतरच्या रंगांत शिसं असू शकतं, आणि दांडी चावणं हे मुलाचं पहिलं काम.

कायद्याचं एवढंच: 2007 पासून चीन 1911 च्या आधीच्या जुन्या वस्तू देशाबाहेर जाऊ देत नाही. त्याआधीची सीमारेषा 1795 ची होती, म्हणून छिंगच्या उत्तरार्धातलं बरंच सामान तेव्हा रीतसर बाहेर पडलं. रीतसर सुटलेल्या वस्तूवर बहुधा तळाशी लाल लाखेचा सरकारी शिक्का असतो. विक्रेता 'एकोणिसाव्या शतकातली, नुकतीच चीनहून आणलेली' असं म्हणत असेल, तर एक तर वय खोटं आहे किंवा वाट.